दुसऱ्याचं वाक्य: रोलप्लेच्या नियमांकडे साहित्य म्हणून बघताना

ऑनलाइन टेक्स्ट रोलप्लेच्या एखाद्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर पहिल्यांदा गेलात की गोष्टीच्या आधी नियम भेटतात. गॉडमॉडिंग करू नका. मेटागेमिंग करू नका. ओओसी बोलायचं असेल तर दुहेरी कंसात बोला. एका ओळीची उत्तरं टाळा. न सांगता गायब होऊ नका. नवखा माणूस ही यादी अंगठ्याने वर सरकवतो, तळाशी 'मान्य' म्हणून एक इमोजी दाबतो आणि पुढे जातो. सोसायटीच्या लिफ्टमधल्या सूचना आपण जशा वाचतो, तशीच ही वाचली जाते.

ही यादी थांबून वाचावी असं मला वाटतं. वरवर ती शिष्टाचाराची दिसते, पण अनोळखी माणसांनी मिळून गोष्ट लिहायची तर ती कुठे मोडते, याचा कित्येक वर्षांचा अनुभव तिच्यात साठला आहे. समीक्षकाने जे प्रश्न विचारायचे, ते इथे खेळाडूंनी एकमेकांशी भांडून सोडवले आहेत. पात्र कोणाच्या मालकीचं? लेखकाला माहीत असलेलं पात्राला किती माहीत असावं? काय दाखवावं, काय झाकावं?

खेळ काय आहे

दोन किंवा अधिक माणसं. प्रत्येकाचं एक पात्र. एकाने चार ओळी लिहायच्या, दुसऱ्याने पुढच्या चार. संहिता नाही, दिग्दर्शक नाही, शेवट ठरलेला नाही.

याचे धागे दोन ठिकाणांहून येतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आला. तिथे फासे होते आणि निवाडा करणारा 'डन्जन मास्टर' होता. मग १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने 'मड' नावाचं जग संगणकावर उभं करायला घेतलं आणि रिचर्ड बार्टलने ते पुढे नेलं. त्यात चित्र नव्हतं, फक्त शब्द होते. आजच्या रोलप्लेमध्ये बहुतेक वेळा फासेही नसतात आणि मास्टरही नसतो. तलवार लागली की चुकली, हे सांगणारा तिसरा कोणी नाही. नियमांची यादी त्या तिसऱ्याची जागा भरून काढते.

आपल्याकडे याच्या जवळचा प्रकार म्हणजे कोकणातला आणि गोव्यातला दशावतार. आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद लिहिलेले नसतात. ते नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. समोरच्याला उत्तराला जागा ठेवून बोललं नाही, तर प्रवेश तिथेच बसतो.

एक रात्र, तीन उत्तरं

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिली खेळाडू गोष्ट सुरू करते. या पहिल्या पोस्टला 'स्टार्टर' म्हणतात. दोन फुल्यांच्या मधली कृती, अवतरणचिन्हांतलं बोलणं.

*पाऊस थांबत नाही. वेटिंग रूमच्या दारात इरावती उभी आहे. एका हातात ट्रंक, दुसरा हात ओढणीआड.* "शेवटची गाडी गेली का हो?"

इरावतीच्या ओळखपत्रात, म्हणजे 'कॅरॅक्टर शीट'मध्ये, आधीच लिहिलेलं आहे की तिच्याकडे सुरी असते. समोरच्या खेळाडूने ते वाचलं आहे. त्याचं पात्र स्टेशनमास्तर. त्याचं पहिलं उत्तर:

*स्टेशनमास्तर एका नजरेत ओळखतो की ओढणीआड सुरी आहे. तो ती हिसकावतो. इरावती घाबरते, रडू लागते आणि सगळं कबूल करते.*

तीन वाक्यांत तीन गुन्हे. सुरी आहे हे खेळाडूला माहीत आहे, स्टेशनमास्तरला नाही. खेळाडूचं ज्ञान पात्राच्या खिशात घालणं म्हणजे मेटागेमिंग. सुरी हिसकावली, आणि समोरच्याला हात मागे घ्यायची संधीही दिली नाही. अशा हमखास लागणाऱ्या वाराला 'ऑटो-हिट' म्हणतात. आणि इरावतीला रडवलं, तिच्याकडून कबुली लिहून घेतली, याला कुणी पॉवरप्ले म्हणतं, कुणी गॉडमॉडिंग. गॉडमॉडिंगचा आणखी एक अर्थ आहे: ज्याला कधीच काही लागत नाही, जो कधीच हरत नाही, असं पात्र खेळणं. दोन्हीच्या मुळाशी एकच खोड आहे. समोरच्याने काही लिहावं, अशी गरजच उरू द्यायची नाही.

दुसरं उत्तर:

*स्टेशनमास्तर कंदील जरा वर धरतो. उजेड तिच्या चेहऱ्यावरून ओढणीपर्यंत येतो आणि तिथे थांबतो.* "गेली. पण गाडी चुकलेल्या माणसासारख्या दिसत नाही तुम्ही. तो हात दाखवता का?"

इथे सुरी कुठेच नाही, पण संशय आहे. त्याने हात पुढे केलेला नाही, विचारलं आहे. आता इरावती हात दाखवेल, पळेल, खोटं बोलेल किंवा हसेल. ते तिची खेळाडू ठरवेल.

मराठीत हा सगळा फरक दोन क्रियापदांत मावतो: तलवार 'मारली' आणि तलवार 'उगारली'. रोलप्लेमध्ये तुमचा हक्क उगारण्यापर्यंत. लागली की नाही, हे समोरचा लिहितो.

तिसरं उत्तर:

"गेली. परवा."

या उत्तराकडे नंतर येऊ.

बाहुली कोणाच्या हातात

'दुसऱ्याच्या पात्राचं वाक्य लिहू नका' हा नियम सभ्यतेपुरता आहे असं वाटत असेल, तर 'लॅम्डामू'ची घटना माहीत असायला हवी.

लॅम्डामू हे शब्दांचं जग १९९० च्या सुमारास पाव्हेल कर्टिसने झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात उभं केलं. लोक दूरवरून लॉग इन करत, एका मोठ्या घराच्या दिवाणखान्यात जमत, लिहून गप्पा मारत. १९९३ मध्ये तिथे 'मिस्टर बंगल' नावाच्या पात्राने 'व्हूडू डॉल' नावाचा छोटा प्रोग्राम वापरला. या बाहुलीमुळे त्याने लिहिलेली कृती दुसऱ्या पात्राने केली आहे, असं सगळ्यांच्या स्क्रीनवर दिसे. त्याने दिवाणखान्यात, सगळ्यांदेखत, इतरांच्या पात्रांच्या नावे लैंगिक अत्याचाराची वर्णनं लिहिली. ज्यांची ती पात्रं, त्या खेळाडू आपापल्या घरी बसून आपल्याच नावापुढे ती वाक्यं उमटताना वाचत होत्या. पत्रकार ज्युलियन डिबेल याने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या 'द व्हिलेज व्हॉइस'मध्ये यावर दीर्घ लेख लिहिला. त्यातली एक खेळाडू त्याला सांगते की या प्रकाराबद्दल सर्वांसाठी निवेदन लिहिताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

शरीराला कुणी स्पर्श केला नव्हता. मग दुखलं काय?

माझ्या मते उत्तर असं आहे: रोलप्लेमध्ये पात्राला दुसरं शरीर नसतं, त्याची वाक्यं हेच त्याचं शरीर असतं. कादंबरीतल्या पात्रावर लेखकाची पूर्ण सत्ता असते आणि आपण ती मान्य करतो, कारण त्या पात्रामागे दुसरं कुणी बसलेलं नसतं. इथे बसलेलं असतं. म्हणून स्टेशनमास्तरने इरावतीला रडवणं आणि बंगलने बाहुली चालवणं यांत अंतर प्रचंड असलं, तरी व्याकरण एकच आहे. कर्ता दुसऱ्याचा, क्रियापद माझं. नियमांच्या यादीत हा नियम बहुधा सर्वांत वर असतो, तो यासाठी.

त्या घटनेनंतर लॅम्डामूवर लोक जमून भांडले, बंगलचं पात्र एका व्यवस्थापकाने कायमचं पुसून टाकलं, आणि पुढे कर्टिसने मतदानाची पद्धत आणली. शिष्टाचाराची यादी कुणी वरून दिलेली नाही. ती अशा जखमांवरची खपली आहे.

कंसातला माणूस

'आयसी' म्हणजे इन कॅरॅक्टर, पात्रात राहून. 'ओओसी' म्हणजे आउट ऑफ कॅरॅक्टर, पात्राबाहेर येऊन. ((उद्या परीक्षा आहे, उत्तर रविवारी देते)) असं दुहेरी कंसात लिहिलं की सगळ्यांना कळतं, हे इरावती बोलत नाही, तिची खेळाडू बोलते आहे.

या दोन कंसांचं महत्त्व समजायला मराठीत एक जुना आणि चांगला शब्द आहे. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःचं भान सोडत नाही, आणि या दुहेरी अवस्थेतून वाङ्मयाचा आनंद येतो, असा तिचा गाभा. केळकरांपुढे वाचक होता. रोलप्लेमध्ये लिहिणारा आणि वाचणारा एकच, त्यामुळे ही समाधी जास्त खोल असते आणि जास्त धोक्याची. ओओसीचे कंस म्हणजे भान शाबूत आहे याची खूण.

भान सुटतं तेव्हा खेळाडू त्याला 'ब्लीड' म्हणतात, म्हणजे पात्राची भावना माणसात झिरपणं. दोन पात्रं तीन महिने प्रेमात असतात आणि एक दिवस खेळाडूला दुसऱ्या खेळाडूचा मत्सर वाटू लागतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, उलट लेखन जिवंत असल्याची ती खूण आहे. पण त्यावर उपाय गोष्टीत शोधायचा नसतो. कंस उघडायचे आणि बोलायचं.

आणि याच कंसांच्या आडून येणारी माणसंही असतात. इरावतीवर प्रेम करणारा स्टेशनमास्तर जर तिच्या खेळाडूकडे फोटो, नंबर, शाळेचं नाव मागू लागला, 'आपण इतकं जवळचं लिहितो, मग एवढंही नाही?' असं म्हणू लागला, तर तो खेळ उरलेला नाही. चांगल्या गटांत अल्पवयीन आणि प्रौढ यांची सरमिसळ प्रेमप्रसंगांत होऊ देत नाहीत, ती यामुळेच. तिथून उठून जाताना शिष्टाचाराची काळजी करायची नसते. ब्लॉक करायचं आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं.

पडदा कुठे पाडायचा

खेळ सुरू होण्याआधी काय नको हे सांगण्याची पद्धत आहे. २००३ साली रॉन एडवर्ड्स या अमेरिकन खेळरचनाकाराने त्यासाठी दोन शब्द दिले: 'लाइन्स' आणि 'व्हेल्स'. लाइन म्हणजे हे आपल्या गोष्टीत येणारच नाही. व्हेल म्हणजे येईल, पण पडद्याआड. टेक्स्ट रोलप्लेमध्ये पडद्याआडच्या प्रसंगाला 'फेड टू ब्लॅक' म्हणतात: दार बंद झालं, पुढचं वाक्य सकाळी.

हे नव्या पिढीचं नाजूकपण आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला नाट्यशास्त्र दाखवावं. युद्ध, मरण, राज्यनाश अशा गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून सूचित कराव्यात, असं भरतमुनी सांगतात. काय झाकायचं हा रचनेचा प्रश्न आहे. फरक इतकाच की तिथे शास्त्र ठरवतं, इथे समोर बसलेला माणूस ठरवतो. मला दुसरी पद्धत जास्त आवडते, कारण तिच्यात कुणाला काय सोसवतं हे आधी विचारावं लागतं.

जिथे नियम चुकतात

यादीत सगळंच शहाणपणाचं नाही. इंग्रजी रोलप्लेमध्ये खेळाडूंची प्रतवारी चालते: 'लिटरेट', 'सेमी-लिटरेट', 'इल्लिटरेट'. मोठे परिच्छेद लिहिणारा साक्षर, एक ओळ लिहिणारा निरक्षर. घरी इंग्रजी न बोलणाऱ्या, गर्दीच्या लोकलमध्ये एका अंगठ्याने टाइप करणाऱ्या मुलीला 'निरक्षर' म्हणणं हा शिष्टाचार नाही, तो उंबरठा आहे. आणि तो साहित्याच्या दृष्टीनेही चुकीचा आहे.

आता ते तिसरं उत्तर पाहा. "गेली. परवा." दोन शब्द. गाडी परवा गेली, मग हा माणूस दोन दिवस इथे काय करतो आहे? पुढची गाडी का आली नाही? इरावतीला किती वेळ झाला असं वाटतं आहे? समोरच्याला लिहायला सगळं आकाश मोकळं. याउलट "हो, गेली." हेही दोनच शब्द, पण तिथे गोष्ट संपते. दोष लांबीचा नाही. पुढच्याला काय दिलं, हा प्रश्न आहे. धो धो पावसाचं, डोळ्यांतल्या वीजांचं चारशे शब्दांचं वर्णन करूनही समोरच्याच्या हाती काहीच न देता येतं, आणि असं फुलोऱ्याचं गद्य लिहिणारे 'लिटरेट' म्हणून मिरवतात.

दुसरा खटकणारा शब्द 'मेरी सू'. १९७३ मध्ये पॉला स्मिथने 'स्टार ट्रेक'च्या एका फॅनझीनमध्ये छोटं विडंबन लिहिलं. त्याची नायिका मेरी सू, साडेपंधरा वर्षांची, ताफ्यातली सर्वांत तरुण लेफ्टनंट, सर्वगुणसंपन्न. विडंबन नेमकं होतं. पण पुढे हा शब्द मुलींनी लिहिलेल्या कुठल्याही कर्तबगार मुलीवर फेकला जाऊ लागला, आणि तशाच कर्तबगार नायकांना मात्र नायक म्हटलं गेलं. दुसऱ्याच्या पात्रावर हा शिक्का मारण्याआधी एवढंच तपासावं: हे पात्र समोरच्याला खेळू देतं का? देत असेल, तर ते कितीही सुंदर आणि शूर असू दे.

मराठीत खेळायचं तर

ही सगळी परिभाषा इंग्रजीत घडली, त्यामुळे तिच्यात न येणारे प्रश्न मराठी विचारते. इंग्रजीत 'यू' म्हटलं की भागतं. मराठीत पहिल्याच वाक्यात 'तू' की 'तुम्ही' ठरवावं लागतं, म्हणजे नातं ठरवावं लागतं. स्टेशनमास्तर 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी येतो, हीच एक घटना होऊ शकते, एकही सुरी न काढता. तसंच 'मी आलो', 'मी आले'. इंग्रजीत पात्र प्रथमपुरुषात बोलत राहिलं तर त्याचं लिंग दहा पोस्ट लपून राहील, मराठीत ते एका क्रियापदात उघड होतं. वेषांतर केलेलं पात्र खेळून पाहा. प्रत्येक क्रियापद सांभाळावं लागेल, आणि एक 'आले' चुकून निसटलं तर समोरच्याला हातात आयता धागा.

मेटागेमिंगही मराठीत वेगळं दिसतं. समोरच्याने लिहिलं, 'ती आंघोळीला गेली', आणि तुमचं पात्र दुसऱ्या गावात असूनही पुढच्या ओळीत 'न्हाऊन झालं का?' विचारतं, तर नियम मोडला. पण पात्राच्या बोलीचा हेल, 'जातंय', 'जाता', 'जाऊन ऱ्हायला' यांतलं काय कानावर पडलं, यावरून त्याचं गाव ओळखलं, तर ते पात्राचं स्वतःचं ज्ञान आहे. ते बिनधास्त वापरा.

नाही म्हणणारा कुणीतरी

२०२२ पासून 'कॅरॅक्टर डॉट एआय'सारख्या ठिकाणी रोलप्लेला माणूस लागेनासा झाला. बॉट रात्री तीनलाही उत्तर देतो. त्याची परीक्षा नसते, तो गायब होत नाही, त्याला कंटाळा येत नाही. उत्तर आवडलं नाही तर बोट सरकवायचं, दुसरं येतं. इथे यादीची गरजच काय?

एक गंमत मात्र बघण्यासारखी आहे. बॉटशी खेळणारे त्याला ज्या सूचना लिहून ठेवतात, त्यांत एक सूचना वारंवार दिसते: माझ्या पात्राच्या वतीने बोलू नकोस. कारण यंत्र नेमकं तेच करतं. तुम्ही दार ढकललंत की ते तुमच्या पात्राला खोलीत नेऊन बसवतं, रडवतं, हसवतं. दुखावणारा माणूस समोर नसतानाही आपलं वाक्य कुणी लिहिलेलं माणसाला सोसत नाही.

तरीही बॉटबरोबरच्या खेळात नियमाची दुसरी बाजू गळून पडते. तो तुमचं वाक्य लिहील याचा राग येतो, पण तुम्ही त्याचं लिहिलंत तर तो ओरडणार नाही. इरावतीला रडवा, ती रडेल. सुरी हिसकावा, ती देईल. ज्याला कधीच नकार मिळत नाही, त्याची गोष्ट हळूहळू एकट्याची होते, आणि गोष्ट एकट्याने लिहायला आपल्याकडे कादंबरी होतीच.

माणसाबरोबरचा रोलप्ले बहुतेक वेळा अर्धवट सुटतो. त्याला वाचक दोनच, तो छापला जात नाही, कुणी त्याचं परीक्षण लिहीत नाही. साहित्य म्हणून तो कच्चाच असतो. पण त्यात एक गोष्ट मिळते जी लिहिणाऱ्याला दुसरीकडे क्वचितच मिळते: तुम्ही कंदील वर धरता, प्रश्न विचारता, आणि मग थांबता. 'टायपिंग' दाखवणारे तीन ठिपके हलत राहतात. इरावती काय करेल, हे तुम्हाला खरोखरच माहीत नसतं.